आमच्या अंगातली साखर कोण मोजणार?

(युवक मेळाव्यातलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



पत्रकात छापलंय की मी कवितेवर बोलणार. कविता आज राहू द्या. मी माझ्या दंडावर बोलणार आहे.

गोदीत रात्रपाळी होती. बोटीतून लोखंडाच्या कॉईली उतरत होत्या. साखळी अडकवता अडकवता माझ्या हातातलं बळच गेलं. जीभ जड, डोळ्यांपुढं अंधारी, अंगावर घामाचे ओघळ. मुकादम ओरडला, "साला ढोसून आलाय!" पाळी कापली, गेटाबाहेर काढलं. मी आजवर दारूचा थेंब घेतलेला नाही. माझी साखर उतरली होती. एका म्हाताऱ्या हमालानं चहात मूठभर साखर ढवळून पाजली म्हणून तुमच्यापुढं उभा आहे.

मला पंधराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. लोक म्हणतात, तू तर काडी, तुला कसला मधुमेह? यात शरीराचीच फौज स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग इन्सुलिन बाहेरून टोचायचं, रोज, मरेपर्यंत. जास्त पडलं तर साखर कोसळते, कमी पडलं तर रक्त आंबतं. माणूस दोन्हीकडून मरतो. म्हणून मोजावं लागतं. इन्सुलिन हे अर्धंच औषध आहे. मोजणं हे उरलेलं अर्धं.

दवाखान्याच्या खिडकीवर इन्सुलिन मिळतं, असलं तर. मी साखर तपासायच्या पट्ट्या मागितल्या. आतून आवाज आला, "बाहेरून घ्या." बाहेर म्हंजे कुठं? आम्ही बाहेरच तर उभे आहोत!

आता ते यंत्र. रुपयाच्या नाण्याएवढी चकती दंडाच्या मागं चिकटवतात. तिचा केसासारखा तंतू कातडीखाली जातो आणि पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर रात्रंदिवस मोजतो. रक्ताच्या मागं काही मिनिटं असतो तो, पण साखर चढतेय का उतरतेय ते दाखवतो, आणि धोका आला की फोनवर बोंब मारतो. ती बोंब त्या रात्री माझ्या खिशात असती तर मी कॉईलीखालून वेळेत बाजूला झालो असतो. भाव? चौदा दिवसांची एक चकती पाच हजारांच्या आसपास. वर्षाला सव्वीस लागतात. आमच्या हजेरीत ते बसवून दाखवा. आणि याच शहरात काही धडधाकट माणसं वजन उतरवायला तीच चकती दंडावर लावून मिरवतात.

इंग्लंडात हे यंत्र सरकार देतं. पण तिथंही आपसूक नाही मिळालं. २०१४ साली ते युरोपात विक्रीला आलं. नोव्हेंबर २०१७ पासून तिथल्या सरकारी आरोग्य सेवेतून लिहून देता येऊ लागलं. पण कुणाला द्यायचं ते जागोजागची मंडळं ठरवणार. एका गावात मिळायचं, शेजारच्या गावात नाही. याला ते लोक 'पोस्टकोड लॉटरी' म्हणतात. पत्त्यावरून माणसाचं नशीब ठरवणं आपल्याला नवीन नाही. बोंबाबोंब झाली, तेव्हा एप्रिल २०१९ पासून देशभर एकच नियम आला. त्यात एक अट अशी, की ज्याला दिवसातून आठपेक्षा जास्त वेळा साखर तपासावी लागते त्याला द्या. ही अट मी दोनदा वाचली. आठ वेळा बोट टोचायचं तर आधी आठ पट्ट्या पाहिजेत. माझ्यासारखा दोन पट्ट्यांत दिवस ढकलणारा या हिशेबात कुठं बसतो? मार्च २०२२ मध्ये तिथल्या 'नाइस' या संस्थेनं, सरकारी दवाखान्यांनी काय उपचार द्यावेत हे ठरवणारी ती संस्था, सांगून टाकलं की टाइप १ च्या प्रत्येक माणसाला हे यंत्र देऊ करा. आणि पुढं असंही लिहिलं की कोण वापरतंय यावर लक्ष ठेवा, हक्क असून कुणापर्यंत पोचत नाही ते शोधा, त्यांच्यापर्यंत जाण्याची योजना करा. म्हंजे फुकट केलं तरी ते खालपर्यंत आपोआप झिरपत नाही, हे साहेबाच्या देशानं कागदावर कबूल केलं.

कुणी म्हणेल, ते श्रीमंत. मग केरळ बघा. तिथल्या सरकारच्या 'मिठायी' नावाच्या योजनेत टाइप १ च्या मुलांना इन्सुलिनचं पेन, पंप आणि हे सतत मोजणारं यंत्रही देण्याची तरतूद आहे.

आपल्याकडं २०१८ साली आयुष्मान भारत आली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. पण कधी? तुम्ही खाटेवर आडवे झालात की. रोजच्या पट्ट्या, रोजचं मोजणं त्यात नाही. पाय सडला की कापायचे पैसे आहेत. तो सडू नये म्हणून मोजायचे पैसे नाहीत. हा कसला हिशेब? १९२३ साली इन्सुलिन शोधणाऱ्यांनी आपलं पेटंट प्रत्येकी १ डॉलरला टोरोंटोच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. शंभर वर्षं झाली, आणि खिडकीवर उत्तर तेच, बाहेरून घ्या.

मागच्या बैठकीत एक मित्र मला म्हणाला, वस्तीत नळाला पाणी नाही आणि तू यंत्र मागतोस? त्याचं खरं आहे. पण दोस्ता, माझं यंत्र आजही चालू आहे. ते म्हंजे माझी आई. ती दिवसभर चार घरची धुणीभांडी करते. रात्री दोन वाजता उठते, अंधारात माझ्या मानेला हात लावते. मान ओली लागली तर गूळ भरवते. दहा वर्षं झाली, ती सलग झोपलेली नाही. सरकारनं जो खर्च वाचवलाय तो तिच्या झोपेतून वाचवलाय. आणि मी रात्रपाळीला असतो तेव्हा ती घरात नुसती बसून राहते, कारण माझी मान गोदीत असते.

सगळ्याच मधुमेहींना हे यंत्र द्या असं मी म्हणत नाही. गोळ्यांवर भागणाऱ्याला त्याची तितकी निकड नाही. आधी टाइप १ ला, मग रोज तीन-चारदा इन्सुलिन टोचणाऱ्याला. तोवर निदान पट्ट्या तरी, इन्सुलिनच्याच खिडकीवर, इन्सुलिनच्याच कागदावर.

दाराशी अर्ज ठेवलाय. मी लिहिलाय, भाषा खडबडीत आहे, कुणी सुधारली तर बरं. ज्याच्या घरात इन्सुलिन चालू आहे त्यानं सही करताना पुढं एक आकडा लिहायचा: गेल्या महिन्यात किती पट्ट्या विकत घेतल्या. माझा आकडा पहिला आहे. पंचवीस.

चलतो. आज पुन्हा रात्रपाळी आहे.