फवारणीचा हंगाम आणि तिसरा दिवस

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आमच्याकडून जमाखर्चाचे निवेदन अपेक्षित असते. ते अहवालाच्या पुढील पानांवर दिलेलेच आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीही यंदा एका विषाविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागितली, कारण या विषाची ओळख आम्हांस वैद्यकीय ग्रंथांतून नव्हे, तर औषधभांडाराच्या साठा नोंदवहीतून झाली.

त्या नोंदवहीत ॲट्रोपीन या इंजेक्शनचे एक पान आहे. एका कुपीत एक मिलिलिटर, त्यात ०.६ मिलिग्रॅम औषध; किंमत अगदी किरकोळ. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास एखाद-दुसरी कुपी लागते. त्या हिशेबाने सरासरी मासिक खप काढून आम्ही मागणी नोंदवीत असू आणि आपला हिशेब चोख आहे असे समजत असू. फवारणीच्या हंगामातील एका रात्री औषधनिर्मात्यांनी आम्हांस झोपेतून उठविले, तेव्हा तो हिशेब कोसळला. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची तीव्र बाधा झालेल्या रुग्णास आरंभीच तीन ते पाच कुप्या द्याव्या लागतात आणि छातीतील स्राव ओसरेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत न्यावी लागते. तीन, सहा, बारा, चोवीस. पाव तासात पंचेचाळीस कुप्या! चक्रवाढ व्याज शिकलेल्या माणसास हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. त्या रात्री शहरातील औषधविक्रेत्यांची दारे ठोठावून आम्ही कुप्या जमविल्या. सरासरी हा शब्द तेव्हापासून आम्ही जपून वापरतो.

हे विष शरीरात नेमके काय करते, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हांस सोप्या शब्दांत सांगितले. मज्जातंतूचा निरोप स्नायूला व ग्रंथींना पोहोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. त्यास कोलिनेस्टरेज म्हणतात. ऑर्गनोफॉस्फेट त्या द्रव्यालाच बांधून टाकते. मग निरोप पुसला जात नाही, तो वाजतच राहतो. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगास दरदरून घाम, उलट्या, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची फडफड. आणि शेवटी फुप्फुसे स्रावाने भरून श्वास कोंडतो. १९३० च्या दशकात जर्मनीत कीटकनाशकांचा शोध घेता घेताच याच कुळातील युद्धवायू हाती लागले. आपल्या कृषी केंद्राच्या फळीवरील बाटली आणि तो वायू हे एकाच घराण्यातले आहेत. तीव्रतेत फरक आहे, कुळात नाही.

आणि तरीही आपण त्यास 'औषध' म्हणतो. "औषध मारायला गेलो होतो," असे रुग्ण स्वतःच सांगतो. शब्दांचा दोष काढण्याचा हा प्रसंग नव्हे. परंतु ज्यास औषध म्हटले ते हाताने ढवळण्यास, त्याची बाटली धुऊन घरात ठेवण्यास मन कचरत नाही, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

२०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या बाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले, हे आपणांस स्मरत असेल. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षाच्या अखेरीस पाच कीटकनाशकांच्या विक्रीस ६० दिवसांची मनाई झाली, आणि ज्या जिल्ह्यांना ती लागू झाली त्यांत आपला वाशीमही होता. त्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉसचे मिश्रण ही याच वर्गातली. पुढे २०१८ च्या केंद्रीय आदेशाने मिथिल पॅराथिऑन, फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारखी कित्येक द्रव्ये टप्प्याटप्प्याने बंद झाली. २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचीही नोंदणी रद्द होऊन केवळ जुना साठा मुदतीपर्यंत विकण्याची मुभा राहिली. बंदी हा कागदी उपाय आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही श्रीलंकेचे उदाहरण देतो. तेथे १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके एकेक करून बाजारातून हटविली गेली आणि पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

यवतमाळच्या त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि तुषार अंगावर येत. हवा दमट, अंग घामेजलेले, पाठीवरचा पंप गळका. विष पोटातूनच जाते ही समजूत चुकीची आहे. ते त्वचेतून जाते, घामाने ओल्या त्वचेतून अधिक वेगाने जाते. पाठ व जांघा भिजलेल्या सदऱ्या-धोतरासह दिवसभर राहिलेला मजूर संध्याकाळपर्यंत थोडे थोडे विष घेतच असतो. त्यातच बांधावर बसून त्याच हाताने खर्रा घोटणे, चोंदलेले नोझल तोंडाने फुंकणे, उरलेली दोन-तीन द्रव्ये एकाच पंपात मिसळणे हे घडते. कोणी हातमोजे व संपूर्ण अंगभर रबरी पोशाखाचा उपदेश केला तर तो ऑक्टोबरच्या उन्हात टिकत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु पूर्ण बाह्यांचा सदरा, पंपाखाली पाठीवर प्लॅस्टिकचा तुकडा, मिसळताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा, सकाळी वा सांजवेळी वाऱ्याच्या दिशेने तोंड न करता फवारणी आणि घरी येताच साबणाने स्नान एवढे तरी जमण्यासारखे आहे. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, कारण ते धुणारी माउलीही माणूसच आहे. संरक्षक साधने पुरविण्याची अपेक्षा १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच नमूद आहे. रोजंदार मजुराने ती स्वतःच्या मजुरीतून घ्यावीत असे मानणाऱ्या शेतमालक बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे.

रिकाम्या डब्यांविषयी एकच सांगतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले होते. डबा कितीही विसळला तरी तो धान्यास, तेलास वा गुरांच्या पाण्यास वापरू नये. भोके पाडून निकामी करावा. आणि भरलेली बाटली कुलपात असावी. शेतघरी असो वा राहत्या घरी, कुलपात. मन खचलेल्या माणसाच्या हाताशी ती असू नये, याहून अधिक स्पष्ट आम्ही या सभेत बोलत नाही.

आता रुग्णालयाकडे येतो. आमच्याकडे येणाऱ्या मजुरास बहुधा विषाचे नाव ठाऊक नसते; पंप त्यास भरून मिळालेला असतो. म्हणून नातलगांस विनंती आहे की बाटली किंवा तिचे वेष्टन पिशवीत घालून सोबत आणावे. डब्यावरील चौकोनाचा रंगही उपयोगी पडतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाटेत रुग्णाचे भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, धुणाऱ्याने आपल्या हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. रुग्णास कुशीवर निजवावे, चालवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये, उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरांत पहिला मोलाचा तास जातो. पोलिसांना कळविणे आमचे कर्तव्य आहे, ते आम्ही करतो. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेलेच नाही. भीतीपोटी खोटे कारण सांगितल्यास उपचार चुकतो.

उपचार सुरू झाल्यावर रुग्ण असंबद्ध बडबडतो, अंथरूण चाचपतो, नळ्या ओढतो. हा पुष्कळदा ॲट्रोपीनचा परिणाम असतो. "आमच्या माणसाला वेड लावले," असे आम्हांस ऐकावे लागले आहे. घसा कोरडा पडून तो पाणी मागतो आणि प्रेमापोटी कोणीतरी चोरून पाजते. परिचारिका रागावतात त्या याच कारणाने.

आमच्या मनातील खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, बोलतो, घरच्या बैलांची चौकशी करतो. नातलगांस वाटते, संकट टळले. परंतु या विषात २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, बहुधा तिसऱ्या दिवसाच्या आसपास, काही रुग्णांची मान उशीवरून उचलत नाही. पाठोपाठ श्वासाचे स्नायू थकतात आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र जवळ नसेल तर माणूस हातचा जातो. ॲट्रोपीनने हे टळत नाही.

काही वर्षांपूर्वी मानोरा भागातील एक तरुण शेतमजूर असाच दुसऱ्या दिवशी बरा वाटू लागला. त्याच्या वडिलांनी आमच्या टेबलाशी येऊन विचारले, "साहेब, आणखी दोन दिवस ठेवलं तर किती होतील?" आम्ही आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. डॉक्टरांनी नको म्हटले असताना त्यांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर' या कागदावर अंगठा उठविला, आम्ही देयक पूर्ण करून दिले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यास जीपमधून परत आणले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्या फायलीत आमच्याकडे एक पैसाही येणे बाकी नाही. हिशेब तपासनिसांनी ती कधी बाजूला काढली नाही. आम्हांस मात्र ती पाठ आहे.

त्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाने आमची विनंती मान्य केली. कीटकनाशक बाधेच्या रुग्णाकडून दाखल करताना अनामत घेतली जात नाही, आणि पहिले चार दिवस त्याच्या नातलगांशी खर्चाचा विषय काढण्याची लेखा विभागास मनाई आहे. यामुळे तूट येते. ती अहवालात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविली आहे, लपविलेली नाही. देणगीदारांस आमची प्रार्थना आहे की इमारतीच्या कोनशिलेइतकेच या शीर्षाकडेही लक्ष द्यावे. दुसऱ्या श्वसनयंत्रासाठी निधी हवा आहे. आमच्या यंत्रावर रुग्ण असताना पुढच्या रुग्णास ८० किलोमीटरवर अकोल्यास पाठवावे लागते, आणि या विषाच्या रुग्णास तेवढा रस्ता लांब पडतो.

नातलगांसाठी कक्षाबाहेर एक सूचना लावली आहे. सकाळ-संध्याकाळ रुग्णास उशीवरून डोके उचलावयास सांगावे. न उचलल्यास घंटा वाजवावी, कोणाची परवानगी विचारीत बसू नये. ॲट्रोपीनची मागणी आता आम्ही मासिक खपावर काढीत नाही. मृग लागण्यापूर्वी औषधनिर्माते आणि आम्ही मिळून पेट्या मोजतो, एकदा त्यांच्या हाताने आणि एकदा आमच्या.