तुमच्या घराला पायऱ्या किती?



५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं एक लष्करी विमान अमृतसरला उतरलं. परत पाठवलेले १०४ भारतीय त्यात होते. त्यांतले तिघं आपल्या महाराष्ट्राचे. वाटभर हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या, असं परतलेल्यांनी सांगितलं. आपण चार दिवस हळहळलो आणि विसरलो. पण माणसाला परदेशातून परत धाडण्याचं काम एरवी गाजावाजा न होता, कचेरीत बसून, कागदावर चालतं. आज अशाच एका कचेरीविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेत हे काम प्रामुख्यानं 'आइस' नावाचं केंद्रीय खातं पाहतं. ते मार्च २००३ मध्ये सुरू झालं. धरपकड, कोठडी आणि रवानगी पाहणारी त्याची २५ विभागीय कार्यालयं देशभर आहेत. त्यांतलं एक सॅन फ्रान्सिस्को शहरात, सॅन्सम रस्त्यावर आहे. उत्तर कॅलिफोर्नियाबरोबर हवाई, गुआम आणि सायपान ही दूरची बेटंही त्याच्या अखत्यारीत येतात.

या कार्यालयाचं काम कसं चालतं? ज्याचा राहण्याचा हक्क वादात आहे, त्याला नोटीस बजावली जाते. काहींना कोठडीत ठेवतात, तर काहींना ठरल्या तारखेला हजेरी लावायला सांगतात. कुणाच्या पायात ठावठिकाणा सांगणारं यंत्र बांधतात. खात्याच्या स्वतःच्या अटक-वॉरंटवर न्यायाधीशाची सही नसते, खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. पुढची सुनावणी वेगळ्या इमिग्रेशन न्यायालयात होते. ते न्याय खात्याकडे येतं. हा दिवाणी मामला मानला जात असल्यानं सरकार आरोपीला देतं तसा वकील इथं मिळत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यानं वकील आणावा. नाहीतर परक्या भाषेत, दुभाष्याच्या तोंडून, आपली बाजू आपणच मांडावी.

अशा कार्यालयांतल्या तात्पुरत्या कोठडीत माणसाला १२ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, असा खात्याचा दंडक होता. जून २०२५ मध्ये ती मुदत ७२ तासांपर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत न्यायालयाच्या तारखेला आलेल्यांनाच बाहेर अटक होऊ लागली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि नोव्हेंबरात एका केंद्रीय न्यायाधीशांनी सॅन्सम रस्त्यावरच्या कोठड्यांची स्थिती सुधारण्याचा आदेश दिला. सीमा राखण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मला मान्य आहे. पण बोलावल्या दिवशी आपल्या पायांनी हजर होणारा माणूस कायदा पाळतच असतो, एवढं तरी धरायला हवं.

या कचेरीला एक पूर्वजही आहे. १९१० ते १९४० अशी तीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर परदेशातून येणाऱ्यांची तपासणी होत असे. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी होती. मात्र अमेरिकी नागरिकाच्या मुलाला येता येई. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचं जन्मनोंदणीचं दप्तर जळालं. मग कितीतरी जण कागदोपत्री कुणाचे तरी मुलगे होऊन आले. खरे कोण आणि खोटे कोण, हे ओळखायला अधिकारी बाप आणि मुलगा यांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारत. घराला पायऱ्या किती? दार कोणत्या दिशेला? तांदळाची कणगी कुठं ठेवता? उत्तरं जुळली नाहीत तर परतीचं जहाज. यात खरे मुलगेही अडकत. आपल्या पंजाबातले शेतकरीही या बेटावर उतरले. सरकारवर बोजा होतील, अशा शेऱ्यानिशी त्यांतल्या अनेकांना माघारी धाडलं गेलं.

माझंच पाहा. शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव एका तऱ्हेनं आहे, रेशनकार्डावर दुसऱ्या आणि पदवीच्या कागदावर तिसऱ्या. आमची नावं उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना वाटेत एखादं अक्षर सांडतंच. खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, 'यातले तुम्ही नेमके कोणते?' मी म्हणतो, 'तिन्ही मीच.' माझं प्रतिज्ञापत्रावर भागतं, कारण मी माझ्याच गावात उभा असतो. समुद्र ओलांडून आलेल्याचं तेवढ्यावर भागत नाही. म्हणून मला वाटतं, कागद न जुळणं आणि माणूस खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कचेरीनं तो फरक विसरला की अन्याय सुरू होतो, मग समोरचा कारकून कितीही सज्जन असो.

एंजल बेटावर कुणी काही दिवस, तर कुणी महिनोन्महिने अडकून पडे. तिथल्या लाकडी भिंतींवर चिनी कैद्यांनी कविता लिहिल्या आणि कोरल्या. अधिकाऱ्यांनी त्यांवर रंगाचे हात फिरवले, तरी खालची अक्षरं टिकली. १९७० मध्ये, ती बराक पाडायचं घाटत असताना, उद्यानाच्या एका रखवालदाराला ती दिसली. त्यामुळं इमारत वाचली. आजवर तिथं दोनशेहून अधिक कविता नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांखाली कवीचं नाव नाही. ज्याची सुटका अजून व्हायची आहे, तो नाव कसं घालणार?

त्या चौकशीच्या फायलीही शाबूत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या ठेवल्या आहेत. तिथं आज त्या माणसांची नातवंडं-पतवंडं येतात आणि आजोबांच्या घराला पायऱ्या किती होत्या, हे संशयापोटी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात वाचतात. पण त्या बराकीत रात्री झोप का येत नव्हती, हे फाइलीत नाही. ते कुणी विचारलंच नव्हतं. ते भिंतीवर आहे.

सॅन्सम रस्त्यावरच्या कचेरीत आजही नव्या फायली तयार होत आहेत. त्यांचीही नातवंडं एक दिवस त्या उघडतील. तेव्हा आपल्या माणसाला तिथं नीट ऐकून घेतलं होतं, हेही त्यांना त्यात सापडावं.