चिठ्ठी आणि चौकट

इंग्लंडांत हार्टफोर्डशायर परगण्यांत रॉथॅम्स्टेड येथें शेतकी संशोधनाचें एक जुनें केंद्र आहे. १९१९ सालीं तेथें रोनाल्ड फिशर हे गणिती नोकरीस लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं दुपारच्या चहाच्या वेळीं एक मौजेचा प्रसंग घडला, असें सांगतात. फिशर यांनीं पुढें केलेला पेला डॉ. म्युरियल ब्रिस्टल या विदुषीनें नाकारला. पेल्यांत दूध आधीं घातलें कीं चहा आधीं ओतला, हें चवीवरून ओळखतां येतें व दूध आधीं घातलेलाच चहा चांगला लागतो, असें तिचें म्हणणें. दूध, साखर आणि चहा एकाच पातेल्यांत उकळणाऱ्या महाराष्ट्रीय घरांत हा वाद उद्भवण्याचें भय नाहीं. परंतु तेथें तो उद्भवला, आणि बाईंची परीक्षा घ्यावी असें ठरलें.

परीक्षा घ्यावी कशी? एक पेला देऊन भागणार नाहीं. डोळे मिटून सांगणाराहि निम्म्या वेळां बरोबर येतो. फिशर यांनीं पुढें १९३५ सालच्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथांत याच उदाहरणाचा ऊहापोह केला आहे. पेले आठ, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या. ही गोष्ट चाखणारीस आधींच सांगावयाची. मात्र ते कोणत्या क्रमानें पुढें यावयाचे, हें चिठ्ठी टाकून ठरवावयाचें. आठांतून चार निवडण्याचे प्रकार होतात ७०. म्हणजे केवळ अंदाजानें सर्व पेले अचूक ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक. चारांपैकीं तीन बरोबर येण्याचे प्रकार मात्र १६ आहेत. तेव्हां ‘निदान तीन तरी बरोबर’ हा निकाल अंदाजानेंहि सत्तरांत सतरा वेळां, म्हणजे जवळजवळ चारांत एकदां, लागावयाचा. एका चुकीनें दाव्याचें वजन इतकें घटतें, हें पुष्कळांच्या सहजीं ध्यानांत येत नाहीं.

या लहानशा परीक्षेंत दोन तत्त्वें एकत्र नांदत आहेत: एक यदृच्छा, दुसरें निर्बंध. प्रत्येक पेल्यासाठीं नाणें उडवलें असतें तर २५६ प्रकार संभवले असते. पण त्यांत आठहि पेले एकाच रीतीचे, असेहि प्रकार आले असते, व मग तुलना कशाची करावयाची? म्हणून ‘चार-चार’ ही चौकट. उलट, चौकट आहे तर चिठ्ठी कशाला, मांडणाऱ्यानेंच पेले मिसळावे, असें कोणी म्हणेल. पण मनुष्य मनानें मिसळूं लागला म्हणजे नकळत एक ठेका धरतो. श्रोत्यांनीं एखाद्या मुलास नाणें न उडवतां वीस छाप-कांटे मनानें लिहावयास सांगून पाहावें. लागोपाठ पांच छाप लिहिण्याचें धैर्य त्यास बहुधा होत नाहीं. नाण्यास तसा संकोच नसतो. शिवाय पेल्यांत भेद हजार: एक किंचित् जाड, एक अधिक निवालेला, एकांत चहा अधिक कडक. हे सर्व भेद मोजून सारखे करणें कोणासहि शक्य नाहीं. चिठ्ठी ते नाहींसे करीत नाहीं. ते एकाच बाजूस हेतुपूर्वक झुकणार नाहींत एवढी हमी देते, व जें उरतें त्याचा हिशेब करतां येतो.

रॉथॅम्स्टेडचा खरा व्यवहार चहाचा नव्हे, शेताचा. पांच खतांची तुलना करावयाची आहे आणि शेताचे पांच ओळी व पांच रांगा मिळून २५ तुकडे आहेत, असें समजावें. एका बांधाकडे जमीन कसदार, दुसऱ्याकडे हलकी. एकीकडे ओल अधिक. प्रत्येक खतास पांच तुकडे देऊन मोकळ्या चिठ्ठ्या टाकल्या तर मांडणीचे प्रकार सहा कोटि कोटींहून अधिक होतात, आणि त्यांत एकाच खताला सगळी कसदार जमीन देणारेहि असतात. यासाठीं असा निर्बंध घालतात कीं, प्रत्येक खत प्रत्येक ओळींत एकदां व प्रत्येक रांगेंतहि एकदांच यावें. यास लॅटिन चौरस म्हणतात. पांचांचे असे चौरस १,६१,२८० आहेत. त्यांतून एक यदृच्छेनें उचलावयाचा. (या चौरसांचा अभ्यास ऑयलर यांनीं अठराव्या शतकांत केला होता. त्यांच्या जोड्यांविषयीं त्यांनीं १७८२ सालीं केलेलें एक अनुमान १९५९ सालीं खोटें ठरलें. तें खोटें ठरविणाऱ्या तिघांपैकीं एक, शरदचंद्र श्रीखंडे, हे नागपुरास शिकलेले व पुढें मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झालेले.)

चिठ्ठीवर सर्वांचाच विश्वास बसला असें नाहीं. डब्लिन येथील गिनेस मद्यशाळेंत काम करणारे व ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें लिहिणारे विल्यम गॉसेट हे फिशर यांचे स्नेही. जमीन ओळखणाऱ्या जाणत्या मनुष्यानें तोल साधून केलेली मांडणी आंधळ्या चिठ्ठीपेक्षां सरस, असें त्यांचें मत. १९३७ सालीं निधन होईपर्यंत तें त्यांनीं सोडलें नाहीं. हें मत हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. सॅव्हेज या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें १९५२ सालीं फिशर यांनाच विचारलें: चिठ्ठींतून नेमका बुद्धिबळांतील घोड्याच्या चालीसारखा, रेखीव चौरस निघाला तर काय कराल? फिशर उत्तरले कीं, बहुधा पुन्हां चिठ्ठी काढूं; आणि असे चौरस आधींच वगळणारी उपपत्ति वस्तुतः बनली पाहिजे. चिठ्ठीच्या सर्वांत मोठ्या कैवाऱ्यानेंच चौकट आणखी आंवळावयास मान्यता दिली, ही गोष्ट सूचक आहे.

शेतांतील ही युक्ति माणसांच्या बाबतींत वापरण्याची वेळ आली तेव्हां प्रश्न अधिक बिकट झाला. १९४७ सालीं ब्रिटनमध्यें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हें नवें औषध फार थोडें उपलब्ध होतें. सर्व रोग्यांस तें पुरणें अशक्य होतें. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं या टंचाईचाच उपयोग केला. कोणीतरी वंचित राहणारच, तर तें कोण राहणार हें वैद्याच्या ममतेवर किंवा रोग्याच्या वशिल्यावर न सोडतां चिठ्ठीवर सोडावें. येथेंहि चौकट होतीच: वय १५ ते ३०, रोग दोन्ही फुप्फुसांत व नुकताच वाढीस लागलेला, आणि विश्रांतीवांचून अन्य उपचार न चालण्यासारखा. प्रत्येक रुग्णालयासाठीं व स्त्री-पुरुषांसाठीं वेगवेगळीं बंद पाकिटें होतीं. रोगी स्वीकारल्यावरच पाकीट उघडावयाचें. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस केवळ विश्रांति मिळाली. छायाचित्रें तपासणाऱ्या तज्ज्ञांस रोगी कोणत्या गटांतला हें ठाऊक नव्हतें. ५२ जणांस तर आपण एका तुलनेचा भाग आहोंत हेंच सांगितलें नव्हतें. आज तसें करतां येणार नाहीं, व तें योग्यच आहे.

सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकीं ४ व न मिळालेल्यांपैकीं १४ दगावले. छायाचित्रांत पहिल्या गटांतील २८ जणांची प्रकृति पुष्कळच सुधारलेली दिसली. दुसऱ्या गटांत अशीं माणसें चारच. हीं चार माणसें विसरतां कामा नयेत. तीं औषधावांचून सुधारलीं; तुलनेस दुसरा गट नसता तर अशांचेंहि श्रेय औषधाच्याच पदरांत पडलें असतें. पण याच चाचणीनें औषधाचें वैगुण्यहि उघडें केलें. उपचार चालूं असतांच बहुतेक रोग्यांच्या थुंकींतील जंतु औषधास दाद देईनासे झाले, आणि पांच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचें अंतर पुष्कळच कमी झालें. पुढील चाचणींत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीस दुसरें औषध देऊन पाहिलें. त्या वेळींहि कोणास काय द्यावें हें यदृच्छेनेंच ठरलें.