राखीव हत्तीचा सराव

म्हैसूरच्या विजयादशमीच्या मिरवणुकीत जी सोन्याची अंबारी निघते, तिचे वजन सुमारे ७५० किलो आहे. ती एका वेळी एकच हत्ती वाहतो. परंतु त्याआधी काही आठवडे इतर हत्तींच्या पाठीवरही वाळूच्या पोत्यांचा भार चढवून त्यांना त्या मार्गावरून चालविले जाते. बलरामाने २०११ पर्यंत अंबारी वाहिली, अर्जुनाने २०१२ ते २०१९ पर्यंत, आणि २०२० साली ती अभिमन्यूच्या पाठीवर आली. वाहक बदलले, परंपरा खंडित झाली नाही.

आजच्या व्यापाराची अंबारी ज्या यंत्रावर असते, त्याला सर्व्हर म्हणतात. म्हैसूरचा रेशमाचा किंवा उदबत्तीचा एखादा मध्यम व्यापारी घ्या. त्याची बिले, साठा, उधारी हे सारे एका संगणकात असते. ऐन दसऱ्यात तो बंद पडला, तर गिऱ्हाईक परत जाते आणि रोजंदारीवरच्या हमालाची मजुरी बुडते. म्हणून एकमेकांचा भार उचलणाऱ्या सर्व्हरांचा संच, म्हणजे क्लस्टर, योजावा लागतो. पण पैसा बेताचा, यंत्रे दोनच. मग योजना कशी करावी?

प्रथम, किती खोळंबा सोसवेल ते ठरवावे. ‘९९.९ टक्के अखंड सेवा’ हे शब्द भव्य वाटतात. परंतु वर्षाचे तास ८,७६० असल्याने त्यातही जवळजवळ पावणेनऊ तासांची बंदी सामावते. ती मध्यरात्री आली तर जाणवत नाही. सणाच्या दुपारी आली तर हंगाम बुडतो.

दुसरा विचार भाराचा. दोन्ही यंत्रे सत्तर-सत्तर टक्के राबत असतील, तर एक पडताच दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्क्यांचा बोजा येतो. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे: संकटात बिले चालू राहतील, मासिक अहवाल थांबतील, असा क्रम आधीच लावून ठेवावा.

तिसरा धोका सूक्ष्म आहे. दोघांमधील तार तुटली, की प्रत्येक यंत्र दुसऱ्याला मृत समजते आणि दोघेही मालक होऊन बसतात. एकच साडी दोनदा विकली जाते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. यावर उपाय तिसऱ्या मताचा. एखादा जुना, लहान संगणक साक्षीदार म्हणून पुरतो. तिघांपैकी दोन मते ज्याच्याकडे, त्याने काम करावे, दुसऱ्याने गप्प राहावे.

दोन्ही यंत्रे एकाच वीजजोडणीवर आणि एकाच डिस्कपेटीवर अवलंबून असतील, तर ती दोन असून एकच. शिवाय एकाची नोंद तत्काळ दुसऱ्यात उतरते, तशी चुकून पुसलेली नोंदही तत्काळ पुसली जाते. म्हणून हिशेबाची वेगळी प्रत दुसऱ्या जागी ठेवणे अगत्याचे.

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि तीच बहुधा टाळली जाते. मंदीच्या दिवशी मुख्य यंत्र जाणूनबुजून थांबवावे, राखीव यंत्राने खरे काम किती मिनिटांत हाती घेतले ते पाहावे, आणि जे अडले ते लिहून ठेवावे. चालते काम थांबविण्यास कोणी सहज धजावत नाही, हे खरे. तथापि खरेदीच्या कागदावर ‘राखीव’ असा शेरा मारल्याने यंत्र राखीव होत नाही. ज्याच्या पाठीवर एकदा तरी पूर्ण भार चढवून पाहिला आहे, तेच वेळेला कामास येते.