भुशाच्या कांड्यांची शेगडी

शेगडी म्हटली कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कोळसे येतील. उत्तर इटलींतील डोंगराळ गांवांत मात्र कित्येक शेगड्यांत जळतात त्या दाबलेल्या भुशाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. १५ किलोंच्या पिशव्यांतून त्या येतात. भुसा दाबतांना तापतो, लांकडांतलें लिग्निन मऊ होतें आणि तेंच डिंकाचें काम करतें. मळसूत्री दांडा कांड्या थोड्याथोड्या आगींत सोडतो, पंखा ऊब खोलीभर पसरवितो. फुंकणी सुटली, राख काढणें मात्र कोणास सुटलें? पण खरी मेख निराळीच! दांडा व पंखा दोन्ही विजेचे अंकित. हिमवादळांत तारा तुटल्या, कीं पिशव्यांची थप्पी असूनहि घर गारठतें. २०२२ सालीं तर कांड्यांचे भावहि भडकले. जुनी लांकडाची चूल न मोडणाऱ्या घरधन्यास त्यामुळें कोणी हंसत नाहीं.