दिवाणखान्यांतील मंद्र नाद

देवीच्या गोंधळांत संबळावर काठी पडते आणि तिचा नाद कानांत शिरतो न शिरतो तोंच छातींत उमटतो. तुणतुण्याची तार कान टवकारावयास लावते, झांजेची किणकिण मन वेधून घेते. परंतु सबंध अंगाला जाग येते ती संबळाच्या खालच्या, भरदार आवाजानें. रेणुकामातेचें देवस्थान असलेल्या चिखलीच्या लोकांना हा अनुभव लहानपणापासूनचा आहे. नादाचा हा खालचा थर काढून घेतला, तर गोंधळाचें नुसतें गाणें उरेल. त्यांतील देवी निघून जाईल.

हाच खालचा थर घरच्या दिवाणखान्यांत आणण्याची हौस आतां गांवोगांव दिसूं लागली आहे. भिंतीवर मोठा दूरदर्शनसंच, त्याच्या दोहों बाजूंस स्पीकर आणि जमिनीवर एक काळी, चौकोनी, जड पेटी, असा हा थाट असतो. त्या पेटीचें नांव सबवूफर. पैसे मोजून ती घरांत आणणें सोपें आहे. तिला घरांत नांदविणें मात्र कठीण आहे. तें कसें साधावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनि ऐकूं येतात. त्यांपैकीं अगदीं तळचे, म्हणजे २० पासून ८० किंवा फार तर १२० कंपनांपर्यंतचे ध्वनि सबवूफरकडे सोंपविलेले असतात. हे ध्वनि उत्पन्न करणें मोठें श्रमाचें काम आहे. तितक्याच जोराचा आवाज एक सप्तक खालीं न्यावयाचा, तर स्पीकरच्या शंकूला चौपट अंतर पुढेंमागें हलावें लागतें. ४० कंपनांवर सहज चालणारा स्पीकर २० कंपनांवर धापा टाकूं लागतो, तो यामुळेंच. म्हणून सबवूफरचा शंकु रुंद, पेटी भक्कम आणि तिच्या पोटांत तिचा स्वतःचा ॲम्प्लिफायर, अशी योजना बहुधा असते. नाद खालीं आणण्याचें मर्म आपल्या पखवाजियांना फार पूर्वींच उमगलें होतें. डाव्या पुडीवर ते ओली कणीक थापतात, ती पुडीचें वजन वाढवून तिचा स्वर उतरविण्यासाठींच. भारतीय तालवाद्यांच्या या भारित पुड्यांचें शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं जगापुढें मांडलें.

चित्रपटांत हा मंद्र नाद उशिरा आला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ बोलूं लागला आणि पुढच्या वर्षीं प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’नें मराठी बोलपटाला वाचा दिली, परंतु त्या काळचे कर्णे शब्द पोहोंचवीत, तळचा नाद त्यांना पेलत नसे. १९७४ सालीं ‘अर्थक्वेक’ या अमेरिकन चित्रपटासाठीं सेन्सराउंड नांवाची योजना निघाली. तींत भूकंपाचे हादरे प्रेक्षकांच्या अंगाला जाणवत. आणि ते एका चित्रगृहापुरते न राहतां शेजारच्या चित्रगृहांतहि जात, अशा तक्रारी तेव्हांच आल्या. पुढें १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल पद्धति आली. तींत पांच मुख्य वाहिन्या आणि सहावी केवळ मंद्र ध्वनींची. या सहावीचा पल्ला १२० कंपनांपाशींच संपतो, म्हणून तिला पूर्ण एक न मानतां दशांश मानतात. ‘पांच पॉइंट एक’ हें नांव त्यावरून पडलें. २०१६ सालच्या ‘सैराट’करितां अजय-अतुल यांनीं लॉस एंजलिस येथें मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. असल्या संगीताचा तळ दूरदर्शनसंचाच्या पाठींतील बोटभर स्पीकरांतून ऐकूं येणें शक्यच नाहीं. तेव्हां सबवूफरची हौस ही नुसती चैन आहे, असें म्हणतां येत नाहीं.

आतां अशी कल्पना करावी कीं, चिखलीच्या एका नव्या वस्तींत एक मध्यमवर्गीय गृहस्थ राहतात. त्यांची बैठकीची खोली १५ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच आहे. वर स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी आणि एक लांब भिंत शेजाऱ्याशीं सामाईक. दिवाळीला त्यांनीं दुकानांतील सर्वांत मोठी पेटी आणली आणि दूरदर्शनसंचाशेजारच्या कोपऱ्यांत जागा मोकळी होती तेथें ठेवून दिली. चित्रपट सुरू झाला. खोलीच्या मधोमध कोचावर बसलेल्या गृहस्थांना तळचा आवाज धड ऐकूं येईना. मागल्या भिंतीपाशीं, स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या गृहिणीच्या मात्र कानठळ्या बसूं लागल्या. गृहस्थांनीं आवाज वाढविला. मांडणीवरचीं स्टीलचीं भांडीं थरथरूं लागलीं आणि थोड्याच वेळांत शेजारच्या वृद्ध काकूंचा निरोप आला, “अहो, भिंतीशीं डोकें टेकवेना. छातींत धडधडतें.”

येथें पेटी बिघडलेली नाहीं. घोटाळा खोलीचा आहे. बंद खोलींत ध्वनि भिंतीवर आपटून परत फिरतो. ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीइतकी असते, त्याच्या जाणाऱ्या व येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून जागच्या जागीं स्थिर होतात. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशीं नाद फुगतो आणि मधोमध तो जवळजवळ नाहींसा होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४५ मीटर धरला, तर हा प्रकार १५ फूट लांबीच्या दिशेनें सुमारें ३८ कंपनांवर, १२ फूट रुंदीच्या दिशेनें ४७ वर आणि १० फूट उंचीच्या दिशेनें ५७ वर घडतो. हे तिन्ही आंकडे नेमके सबवूफरच्या हद्दींत पडतात. म्हणून मधोमध बसलेल्या गृहस्थांच्या वांट्याला दुष्काळ आणि भिंतीपाशीं उभ्या असलेल्या गृहिणीच्या वांट्याला पूर आला. खोली चौरस असेल, तर लांबी आणि रुंदी यांचा आंकडा एकच येऊन दोष दुणावतो. सबवूफर विकत घेतांना मनुष्य अर्धेंच वाद्य विकत घेतो. उरलेलें अर्धें वाद्य म्हणजे त्याची खोली, आणि ती त्याच्या घरीं आधींच असते.

यास्तव दुकानांत जाण्यापूर्वीं खोली मोजावी. वरील खोली १,८०० घनफुटांची आहे. तिला चांगल्या बनावटीची १० इंची पेटी बहुधा पुरते. स्वयंपाकघराकडे दाराऐवजीं मोकळी कमान असेल, तर त्या भागाचेंहि माप मिळवावें, कारण मंद्र ध्वनि तेथपर्यंत पसरतोच. पेट्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. एक बंद पेटी. तिचा आवाज तळाकडे हळूहळू उतरत जातो, ती लहान असते आणि तबल्याच्या डग्ग्यासारखे तुटक बोल नेटके देते. दुसरी छिद्राची पेटी. तिच्या नळींतील हवाहि नाद देते, त्यामुळें तेवढ्याच शक्तींत आवाज मोठा निघतो, परंतु ठराविक कंपनसंख्येखालीं तो एकदम कोसळतो. चित्रपटांतील गडगडाट ज्यांना प्रिय, त्यांनीं दुसरी घ्यावी. ज्यांच्या घरीं संगीत अधिक ऐकलें जातें आणि खोली बेताची आहे, त्यांना पहिली मानवते. वॅटांचे आंकडे वाचतांना ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढील मोठ्या आंकड्याला भुलूं नये. तो क्षणिक शक्तीचा फुगविलेला आंकडा असतो. ‘आरएमएस’ या अक्षरांचा आंकडा पाहावा. आवाज किती कंपनांपर्यंत खालीं जातो याबरोबर किती डेसिबलांच्या फरकानें जातो, हें लिहिलें आहे कीं नाहीं, तेंहि विचारावें. त्यावांचून पहिला आंकडा निरर्थक आहे.

पेटी घरीं आल्यावर तिची जागा शोधण्याची एक साधी युक्ति आहे. नाद ज्या वाटेनें पेटीकडून श्रोत्याकडे येतो, त्याच वाटेनें तो उलटहि जातो. म्हणून क्षणभर पेटीलाच श्रोत्याच्या आसनावर बसवावें, खालचे स्वर चढत-उतरत जाणारें एखादें परिचित गाणें लावावें आणि जेथें जेथें पेटी ठेवणें सोयीचें आहे, तेथें तेथें गुडघ्यांवर रांगत जाऊन कान जमिनीजवळ न्यावा. ज्या ठिकाणीं प्रत्येक स्वर सारख्या वजनानें ऐकूं येईल, कोठें फुगणार नाहीं व कोठें बुडणार नाहीं, तें पेटीचें घर. हें काम मुलांकडे द्यावें. त्यांना तो खेळ वाटतो आणि त्यांचे गुडघेहि दुखत नाहींत. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा होतो, पण खोलीचे सगळे दोष तेथूनच जागे होतात. कोचहि मधून थोडा मागें घ्यावा, मात्र भिंतीला टेकवूं नये. ऐपत असेल, तर एका मोठ्या पेटीपेक्षां दोन लहान पेट्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणें हितकर. अशा मांडणीनें नादाची वांटणी अधिक समान होते, हें टॉड वेल्टी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें आहे.

जागा ठरली कीं मुख्य स्पीकरांशीं पेटीचा संसार जुळवावा. रिसीव्हरमध्यें स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर, म्हणजे कामाची वांटणी, ८० कंपनांवर ठेवावी. मग पेटीवरील तेंच बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवावें, म्हणजे एकच गाळणी दोनदां लागत नाहीं. ८० च्या खालचा नाद कोणत्या दिशेनें येतो, हें कानाला सहसा कळत नाहीं, म्हणून ही मर्यादा सोयीची आहे. पेटी कोठें आहे हें डोळे मिटून सांगतां येऊं लागलें, तर वांटणी फार वर झाली आहे किंवा पेटीवर भार अधिक पडतो आहे, असें समजावें. फेजचें बटण शून्यावर व १८० वर ठेवून पाहावें; आसनावर बसून ज्या जागीं तळ भरीव लागेल, ती जागा खरी. शेवटीं आवाजाची पातळी. ती चित्रपटांतील स्फोटावर न ठरवितां पुरुषाच्या साध्या बोलण्यावर ठरवावी. बोलणारा पिंपांत तोंड घालून बोलतो आहे असें वाटलें, तर पातळी उतरवावी.

वऱ्हाडांतील घरांस दोन सूचना विशेष लागू आहेत. कापसाच्या गाद्या, लोड व जाड पडदे यांनीं वरचे ध्वनि शोषले जातात व खोलीचा कर्कशपणा जातो. मंद्र नादाला त्यांचा अडसर नाहीं. ४० कंपनांच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरांहून अधिक असते. वीतभर गादी तिला काय करणार? दुसरें, उन्हाळ्यांत खिडकींतला कूलर स्वतःच खालच्या सुरांत घोंघावत असतो. त्याच्या घरघरींत तळचा नाद बुडतो आणि मनुष्य पेटीचा आवाज चढवितो. पातळी कूलर बंद करूनच ठरवावी. पेटींतून सतत हुंकार येत असेल, तर तो बहुधा ५० कंपनांच्या विजेचा असतो. दोन यंत्रें वेगवेगळ्या जागीं भूमीशीं जोडलीं गेल्यानें तो उद्भवतो. सर्व यंत्रें एकाच फलकावरून चालवावीं, केबलची तार काढून पाहावी. परंतु हुंकार जावा म्हणून अर्थिंगची पीन कधींहि तोडूं नये. तींत जिवाला धोका आहे.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक चढूं नये, असेंहि त्या नियमांत आहे. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हें माप कानाच्या स्वभावानुसार खालचे ध्वनि कमी मोजतें; ५० कंपनांच्या ध्वनीला तें ३० डेसिबलांची सूट देतें. त्यामुळें यंत्राचा कांटा नियमांत राहतो आणि भिंतीपलीकडचा मनुष्य रात्रभर जागा राहतो. शब्द विटेच्या भिंतीनें बरेचसे अडतात. मंद्र नाद मात्र तिच्यांतून पुष्कळसा पार होतो. पेटीखालीं रबराची जाड गादी ठेवल्यानें फरशींतून जाणारा कंप कमी होतो, हवेंतून जाणारा होत नाहीं. सामाईक भिंतीपासून पेटी दूर ठेवावी, रात्रीं रिसीव्हरवरील रात्रीची योजना लावावी आणि एकदां शेजाऱ्याच्या घरीं जाऊन आपलाच चित्रपट त्याच्या भिंतीपाशीं बसून ऐकावा. सगळ्या मापांत हें माप खात्रीचें आहे.

त्या गृहस्थांनीं हें सर्व केलें, अशी कल्पना पुरी करावी. पेटी सामाईक भिंत सोडून समोरच्या लांब भिंतीशीं गेली, कोच तीन फूट मागें सरला, बटण अर्ध्यावर आलें. आवाज पूर्वींपेक्षां लहान झाला आणि नाद मोठा झाला. गृहस्थांनीं काकूंना मुद्दाम बोलावून कोचावर बसविलें व गोंधळाचें एक ध्वनिमुद्रण लावलें. संबळ वाजूं लागला तेव्हां काकूंनीं हात छातीवर ठेवला. पण या खेपेस तो नमस्कारासाठीं होता. गाणें संपल्यावर त्या पेटीविषयीं एक अक्षरहि बोलल्या नाहींत. त्यांनीं विचारलें तें एवढेंच, “हे गोंधळी कुठले रे?”