मिटलेल्या तंट्यांची मोजदाद

महाराष्ट्रात तंटे मिटवण्याला सरकारनं एकदा गुण द्यायचं ठरवलं. 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या आणि नोंदवह्या आल्या, तपासायला बाहेरच्या जिल्ह्याचं पथक, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात गावाला लाखांचं बक्षीस. या मोहिमेची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. बांधाचे, वहिवाटीचे, पाटाच्या पाण्याचे वाद चावडीवरच निकालात निघाले तर कुणाला नको आहे?

माझी तक्रार आहे ती गुणपत्रिकेबद्दल. मिटलेल्या तंट्यावर बक्षीस लागलं की तक्रार घेऊन येणारा माणूसच गावाला अडचणीचा वाटू लागतो. मारहाणीला कंटाळून आलेल्या बाईला ‘गावाचं नाव जाईल, जरा सबुरीनं घे’ म्हणून माघारी पाठवलं, तर नोंदवहीला त्याचा पत्ताही लागत नाही. लोकअदालतीचंही तसंच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हजारांचा आकडा येतो. त्यात वाहतुकीचं चलन असतं, बँकेच्या वसुलीचं दाखलपूर्व प्रकरण असतं आणि भावाभावांचा पंधरा वर्षं चाललेला वाटपाचा दावाही असतो. तिन्हींची बेरीज करून काय समजणार?

मग मोजायचं काय? अमेरिकेतल्या मेन राज्यात क्रेग मॅक्यूअन आणि रिचर्ड मेमन या दोघांनी छोट्या रकमांच्या दाव्यांचा माग काढला. त्यांचं काम 1981 साली प्रसिद्ध झालं. प्रकरण मिटलं का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसे हातात पडले का, हे त्यांनी पाहिलं. मध्यस्थीत ठरलेली रक्कम सुमारे सत्तर टक्के प्रकरणांत पूर्ण चुकती झाली होती. न्यायाधीशानं निकाल दिलेल्या प्रकरणांत जेमतेम एक तृतीयांश. आपल्याकडे हे तपासायला फार खटपट नको. तडजोडीनंतर किती प्रकरणांत अंमलबजावणीची दरखास्त दाखल झाली, हे कोर्टाच्या दप्तरातच असतं.

पण यात एक मेख आहे. जे मुळात नमतं घ्यायला तयार असतात तेच मध्यस्थीला बसतात आणि पैसेही तेच देतात. मग श्रेय मध्यस्थाचं की त्या माणसांच्या स्वभावाचं?

यावर उपाय एकच, आणि तो जरा निष्ठुर वाटतो: कुणाला मध्यस्थी सुचवायची आणि कुणाला नाही, हे नशिबावर सोडायचं. व्हर्जिनियात रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या ताब्यावरून कोर्टात आलेल्या जोडप्यांबाबत हेच केलं. काहींना मध्यस्थीची वाट, काहींना नेहमीच्या खटल्याची. मध्यस्थीला सरासरी फक्त पाचेक तास लागले. बारा वर्षांनी पुन्हा त्याच कुटुंबांची विचारपूस केली. मूल ज्याच्याकडे राहत नव्हतं, तो पालक दर आठवड्याला मुलाला भेटतो का? मध्यस्थीच्या गटात 28 टक्के भेटत होते, खटल्याच्या गटात 9 टक्के. मध्यस्थीच्या बाजूनं इतका भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. तो मिळाला, कारण बारा वर्षांनी कुणीतरी विचारायला गेलं.

उलटा निकालही ऐकून घेतला पाहिजे. रँड या संस्थेनं 1996 साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतल्या मध्यस्थीचा अहवाल दिला: वेळ किंवा खर्च वाचतो, असा ठोस पुरावा मिळाला नाही. आपल्याकडच्या प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात नेमके हेच दोन फायदे सांगितले जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता प्रश्नावलीकडे येऊ. अमेरिकेच्या टपाल खात्यानं कर्मचारी आणि वरिष्ठ यांच्या तक्रारींसाठी मध्यस्थी सुरू केली, तिच्या अभ्यासात लिसा बिंगहॅम यांनी एक साधी खबरदारी घेतली होती. बैठक संपल्यावर भरलेला फॉर्म खात्याकडे जात नसे. तो टपालानं थेट इंडियाना विद्यापीठात पोचे. साहेब वाचणार नाहीत, ही खात्री असल्याशिवाय पोस्टमन खरं कशाला लिहील? आपल्या मध्यस्थी केंद्रांत अभिप्रायाचा कागद पुढे करायचा, तर तो मध्यस्थानं स्वतः करू नये. समोर बसलेल्या भल्या माणसाला ‘समाधान झालं नाही’ असं लिहून द्यायला आपण मराठी माणसं फार भिडस्त.

गोपनीयतेची अडचण अनेक जण पुढे करतात. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानं बैठकीतलं बोलणं गोपनीय ठेवलं, ते योग्यच आहे. पण काय बोललात, हे कोण विचारतंय? तुम्हाला बोलायला मिळालं का, मध्यस्थाचा कल एका बाजूला वाटला का, सही करायची घाई झाली का, ‘नाही’ म्हणून उठून जाता येईल असं वाटलं का, एवढंच विचारायचं. सहा महिन्यांनी फोन करून आणखी एक: ठरलं होतं तसं चाललंय का? जवळच्या विधी महाविद्यालयातल्या मुलांना हे काम सहज जमेल.

आणि दोन्ही बाजूंच्या उत्तरांची सरासरी काढायची नाही. एमरींच्याच अभ्यासात मध्यस्थीवर अधिक खूश होते ते वडील. आयांचं तसं नव्हतं; त्या काळी खटला लढून मुलं बहुधा त्यांनाच मिळत. दोघांची उत्तरं एकत्र केली असती, तर हा फरक कागदावर उरलाच नसता. तेव्हा फॉर्म दोन आणि तक्तेही दोन: सासरचा वेगळा, माहेरचा वेगळा, बँकेचा वेगळा, कर्जदाराचा वेगळा.